कंटेनर उठतच नाही: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतंय, पण डिस्क तर अर्धी रिकामी

पॅकिंगवाला_एमआयडीसी · सायंकाळी ६:५०

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका युनिटमध्ये कामाला आहे. काम खरं तर डिस्पॅचचं, पण कॉम्प्युटरला हात लावणारा मी एकटाच, म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात.

सर्व्हर म्हणजे साधा असेंबल्ड डबा, ५१२ जीबीची एसएसडी, त्यावर उबुंटू सर्व्हर २२.०४. त्यात डॉकरवर दोन कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम चालवायचे वेगळे बंद डबे, चालतात. एक पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस, दुसरं पॅकिंगचं सॉफ्टवेअर, पीएचपीतलं. पॅकिंगच्या टेबलांवर बारकोडच्या १२ गन आहेत. गनवर स्कॅन केलं की बॉक्सचं लेबल निघतं. गड्ड्याच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, बाहेरच्या एका वेंडरनं हे सगळं बसवून दिलं आणि आता तो फोन उचलत नाही.

आज दुपारी लाइट गेली, यूपीएसनं थोडा वेळ दम धरला, मग सर्व्हर बंद. लाइट आल्यावर मशीन नीट चालू झालं, पण दोन्ही कंटेनर पडलेले. हातानं स्टार्ट केलं तर हे येतं:

एरर रिस्पॉन्स फ्रॉम डीमन: ओपन /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स/…/.टीएमपी-कॉन्फिग.व्ही२.जेसन…: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस

आता गंमत बघा. डीएफ -एच (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) मारलं तर रूटला, म्हणजे मुख्य भागाला, ९८ जीबीपैकी ३८ वापरलेत, ५५ शिल्लक. मग जागा नाही म्हणतंय ते कुणाला? उद्या सकाळी गाडी लागणार आहे, ३४० बॉक्सची लेबलं बाकी आहेत, आणि मालक दर पंधरा मिनिटांनी दारात येऊन नुसते बघून जातात.

आणखी एक. सकाळपासून दोन-तीन गन लॉगिनच घेत नव्हत्या. ज्या आधीपासून चालू होत्या त्या चालल्या. संबंध आहे की नाही माहीत नाही, सांगून ठेवतो.

(कमांडी देवनागरीत लिहितोय, मोबाईलवर आहे. समजून घ्या.)

---

देव_ऑप्स_बाळ्या · ७:०२

भावा, डॉकरमध्ये हे रोजचंय. कचरा साठतो. डॉकर सिस्टिम प्रून -ए --व्हॉल्यूम्स मार, वाय दाब, दोन मिनिटांत मोकळा होशील. मग कंपोज अप, म्हणजे कंटेनर पुन्हा बनून चालू.

---

होटगीरोड_अण्णा · ७:०९

पॅकिंगवाले, थांबा. ती कमांड दाबायची नाही. दाबली असेल तर आधी तसं सांगा.

बाळ्या, तुझे दोन्ही कंटेनर बंद पडलेत असं समज आणि आता तीच कमांड वाच. प्रून काय काढतं? बंद असलेले कंटेनर काढतं. इथं बंद कोण आहे? पॅकिंगचं सॉफ्टवेअर आणि डेटाबेस. म्हणजे ज्याला उठवायचं त्यालाच उचलून बाहेर टाकायचं. -ए लावलंस म्हणजे इमेजही, म्हणजे कंटेनर ज्यांवरून बनतात ते साचे, गेल्या, आणि त्या इमेज कुठल्या रजिस्ट्रीत (ऑनलाइन साठ्यात) आहेत की वेंडरच्या लॅपटॉपवरच आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. व्हॉल्यूमचं, म्हणजे कंटेनरबाहेर जपलेल्या डेटाचं, म्हणशील तर डॉकर २३ पासून त्या --व्हॉल्यूम्सनं फक्त निनावी व्हॉल्यूम जातात, नाव दिलेले राहतात. त्याआधीच्या आवृत्तीत दोन्ही जायचे. यांची आवृत्ती कुठली ते तू विचारलंस का बे?

पॅकिंगवाले, आता तुमच्याशी. 'नो स्पेस' हा एरर लिनक्समध्ये २८ नंबरचा आहे, आणि तो एकाच कारणानं येत नाही. डिस्कचे ब्लॉक (डेटा ठेवायची जागा) संपले तरी तोच, इनोड (फायलींच्या नोंदी) संपले तरी तोच, कोटा लावलेला असेल तर काही फाइल सिस्टिमवर तिथंही तोच. डीएफ -एच फक्त ब्लॉक दाखवतं. गोदाम अर्धं रिकामं आहे पण पावतीपुस्तक संपलंय, आणि पावती फाडल्याशिवाय वॉचमन माल आत घेत नाही, असं समजा. प्रत्येक फायलीला एक इनोड लागतो, मग फाइल १० जीबीची असो की शून्य बाइटची.

तुमच्या दोन्ही खुणा त्याच बाजूला बोट दाखवतात. चालू गन चालत राहिल्या, कारण त्यांची सेशनची, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणारी, फाइल आधीच बनलेली होती. नव्या लॉगिनला नवी फाइल लागते, ती बनेना. आणि एररमधलं ते टीएमपी-कॉन्फिग बघा. डॉकर कंटेनर सुरू करताना त्याची कॉन्फिग आधी तात्पुरत्या नव्या फायलीत लिहितो, मग जुनीच्या जागी सरकवतो. ती नवी फाइलच त्याला बनवता आली नाही. लाइट गेली नसती तर कंटेनर आजचा दिवस तसेच रखडत चालले असते. लाइट फक्त निमित्त झाली.

एवढं करून उत्तर इथं टाका: डीएफ -आय, ते इनोड मोजतं. नंतर व्हीजीएस. आणि डीएमईएसजीमध्ये (कर्नलच्या नोंदींत) शेवटी ईएक्सटी४चा (तुमच्या फाइल सिस्टिमचा) किंवा आय-ओचा काही एरर आहे का तेवढं बघा, लाइट गेल्यावर ते बघावंच लागतं. काहीही पुसू नका.

---

पॅकिंगवाला_एमआयडीसी · ७:२१

अण्णा, नाही दाबली. बोट कीबोर्डवर होतं फक्त.

डीएफ -आय: रूटला एकूण ६५,५३,६००, वापरलेले ६५,५३,६००, शिल्लक शून्य, १०० टक्के.

व्हीजीएस: व्हीसाइझ ४७३ जीबी, व्हीफ्री ३७३ जीबी. हे काय आहे? ही जागा आमचीच आहे का?

डीएमईएसजीत लाल काही नाही.

---

होटगीरोड_अण्णा · ७:३४

तुमचीच आहे, आणि तीच आज कामाला येणार.

उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा नंतर वाटता येणारी पद्धत) घेतला की मोठ्या डिस्कवर रूटला फक्त १०० जीबी देतो आणि बाकीची जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये तशीच ठेवतो. नंतर हवी तशी वाढवता यावी म्हणून. बसवणारा ते स्क्रीन एंटर मारत पुढं जातो. मी एमआयडीसीत आणि मार्केट यार्डात मिळून जेवढे डबे उघडले, त्यातल्या बहुतेकांत ही अशी जागा पडून असते आणि मालक नवी डिस्क आणायला निघालेला असतो.

आता हिशेब बघा. ईएक्सटी४ फॉरमॅट करताना साधारण दर १६ केबीला एक इनोड ठेवतं. १०० जीबी भागिले १६ केबी म्हणजे बरोबर ६५,५३,६००. तुमचाच आकडा. हे प्रमाण फॉरमॅटच्या वेळी ठरतं, नंतर बदलत नाही. पण फाइल सिस्टिम वाढवली की नवे ब्लॉक ग्रुप येतात, आणि ते आपले इनोड सोबत घेऊनच येतात. म्हणजे काही न पुसता तुम्हाला इनोड मिळू शकतात.

एक खोडा आहे. एलव्हीएम कुठलाही बदल करण्याआधी /ईटीसी/एलव्हीएममध्ये स्वतःचा बॅकअप लिहायला जातं, आणि तुमच्याकडं एक फाइल बनवायलाही जागा नाही. तिथंच अडेल. म्हणून आधी ॲप्ट क्लीन मारा, डाउनलोड झालेली काही पॅकेज पडली असतील तर थोडे इनोड सुटतील. नाहीच सुटले तर खालच्या कमांडला --ऑटोबॅकअप एन जोडा.

मग: सुडो एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +१००जी /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही. यातला एल कॅपिटल आहे, तेवढं लक्षात ठेवा. -आर लावलं की फाइल सिस्टिमही सोबतच वाढते, चालू मशीनवर, रीबूट नको.

सगळी ३७३ ओतू नका. एकदा दिलेली जागा परत काढायला ईएक्सटी४ अनमाउंट करावं लागतं, आणि रूट अनमाउंट करणं म्हणजे पेनड्राइव्हवरून बूट करून बसणं. १०० पुरे.

झालं की फक्त पोस्टग्रेस उठवा. पॅकिंगचं सॉफ्टवेअर अजून नाही.

---

पुण्यातला_सोलापूरकर · ७:४०

अण्णांचं बरोबर आहे, इनोडच आहे. पण जाता जाता एक भर, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं हे असतं: कंटेनरचा लॉग. डॉकरचा जेसन-फाइल लॉग आपोआप कापला जात नाही, मॅक्स-साइझ द्यावी लागते. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एका टेस्ट मशीनवर एकच लॉग फाइल ७० जीबीची सापडली होती. कुणीतरी ती आरएम केली आणि जागा तरी परत आली नाही, कारण डॉकरनं फाइल उघडी धरून ठेवलेली. अशी भुतं एलएसओएफ +एल१ मध्ये दिसतात. पुसण्याऐवजी ट्रंकेट -एस ० करायचं. आणि डीमन.जेसनमध्ये (डॉकरच्या सेटिंगच्या फायलीत) मॅक्स-साइझ लिहिली तरी ती फक्त नव्या कंटेनरला लागते. जुना रीस्टार्ट करून उपयोग नाही, नव्यानं बनवावा लागतो.

---

पॅकिंगवाला_एमआयडीसी · ७:५८

ॲप्ट क्लीननंच काम झालं, ऑटोबॅकअपचं लागलं नाही. आता डीएफ -आय एकूण १,३१,०७,२०० दाखवतंय, ५० टक्के. पोस्टग्रेस उठला. लॉगमध्ये रिकव्हरी केली असं काहीतरी आलं आणि मग रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स.

मालकांना सांगितलं उठला म्हणून. ते म्हणाले, लेबल कुठाय?

---

होटगीरोड_अण्णा · ८:०६

मालकांचं चुकत नाही.

आधी पीजी_डम्प, म्हणजे डेटाबेसची प्रत, काढा, पेनड्राइव्हवर, त्याच डिस्कवर नाही. ते होईपर्यंत ६५ लाख इनोड कुणी खाल्ले ते शोधू. सुडो डीयू --इनोड्स -एक्स /व्हार/लिब/डॉकर, पुढं सॉर्टला -एन देऊन शेवटच्या दहा ओळी. वेळ लागेल, चहा घ्या. शेवटी कुठलं तरी फोल्डर फुगलेलं दिसेल. दिसलं की त्यात शिरून एलएस मारू नका. एलएस आधी सगळी नावं गोळा करून लावतो, मग दाखवतो. लाखांत फायली असल्या की टर्मिनल गेलंच समजा.

माझा अंदाज सांगू? सेशन्स.

---

पॅकिंगवाला_एमआयडीसी · ८:२९

अण्णा, पायच कुठंयत तुमचे.

/व्हार/लिब/डॉकर/ओव्हरले२/(लांबलचक नंबर)/डिफ/व्हार/लिब/पीएचपी/सेशन्स, यात ५९ लाखांच्या वर. फाइंडनं पाच नावं बघितली, सगळी सेस_ नं सुरू होणारी, आकार शून्य.

हे कसं ओळखलंत? आणि आता पुसू का?

---

होटगीरोड_अण्णा · ८:४७

नाही. ओव्हरले२मध्ये हातानं काही पुसायचं नाही, ते घर डॉकरचं आहे. त्यात कोण कुठं राहतं ते तोच जाणतो.

कसं ओळखलं ते सांगतो, कारण उद्या वेंडर फोन उचलेल तेव्हा तुम्हाला हेच त्याला ऐकवायचंय. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजमधला पीएचपी जुनी सेशन स्वतः झाडत नाही. त्यांनी जीसी-प्रोबॅबिलिटी (झाडू मारायची शक्यता) शून्य ठेवलेली असते आणि झाडायचं काम सिस्टिमच्या क्रॉन किंवा टायमरकडं, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्याकडं, दिलेलं असतं. साध्या मशीनवर हे उत्तम चालतं. पण कंटेनरमध्ये एकच प्रोग्रॅम चालतो, क्रॉन तिथं नसतोच. म्हणजे झाडूवाला कामावर आलाच नाही. वर तुमची गन. ती दर काही सेकंदाला सर्व्हरला 'काही नवं आहे का' विचारत असणार आणि त्या विचारणीत कुकी (सेशनची ओळखचिठ्ठी) परत पाठवत नसणार. मग प्रत्येक विचारणीला नवं सेशन, नवी फाइल. १२ गन, ५ सेकंदाला एकदा धरलं तर तासाला ८,६४०. दहा तासांची पाळी म्हणजे दिवसाला ८६,४००. जानेवारीच्या मध्यापासून रविवार वगळून मोजा, एप्रिल संपायच्या आत पुस्तक भरतंच. आणि शून्य बाइटची फाइल ब्लॉक घेत नाही, म्हणून डीएफ -एच तुम्हाला शेवटपर्यंत गोड गोड बोलत राहिलं.

आता पुढचं. कंटेनरमध्ये जे काही व्हॉल्यूमवर नाही ते त्याच्या वरच्या लिहायच्या थरात जातं. सेशन तिथंच साठली. तो कंटेनर काढून त्याच इमेजवरून नवा बनवला की तो थर सगळ्या ५९ लाख फायलींसकट जातो, एक एक पुसत बसायला नको. शिवाय ईएक्सटी४चं फुगलेलं फोल्डर फायली पुसल्या तरी आकारानं लहान होत नाही, म्हणून सगळं फोल्डरच गेलेलं बरं.

पण तो थर टाकण्याआधी त्यात सेशनशिवाय आणखी काय आहे ते बघायचंच. डॉकर डिफ, पुढं कंटेनरचं नाव, आणि ग्रेप -व्ही सेशन्स. बंद कंटेनरवरही चालतं. जे उरेल ते इथं टाका.

---

पॅकिंगवाला_एमआयडीसी · ९:१५

थोडं टीएमपीचं, थोडं अपाचेचं. आणि हे:

ए /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल/अपलोड्स/लेबल्स/… अशा २६ ओळी.

अण्णा, ही पार्टीवार लेबलची डिझाइनं आहेत. प्रत्येक पार्टीचा लोगो, धुण्याच्या खुणा, मापं, सगळं मी आणि पॅकिंगच्या ताईंनी मिळून एकेक करून चढवलेलं. मला वाटलं हे डेटाबेसमध्ये आहे. व्हॉल्यूमवर नाही हे?

---

होटगीरोड_अण्णा · ९:२२

नाही. डेटाबेसात फक्त फायलीचं नाव असणार, फाइल त्या थरात.

बाळ्या, वाचतोयस ना? तुझ्या प्रूननं इनोड खरंच मोकळे झाले असते. इमेज रजिस्ट्रीत असत्या तर कंटेनर नव्यानं उठला असता, एरर गेला असता, हे तुला धन्यवाद म्हणाले असते, आणि लेबल छापायला गेल्यावर सगळीकडं कोरा चौकोन आला असता. चालत नाही त्या उपायाची मला भीती नाही. हा चालला असता.

पॅकिंगवाले, डॉकर सीपी करून ते अपलोड्स फोल्डर बाहेर काढा, होस्टवर एक प्रत आणि पेनड्राइव्हवर एक. कंपोज फायलीत (कंटेनर कसे बनवायचे ते लिहिलेल्या) त्याला नावाचा व्हॉल्यूम द्या. सेशन्सच्या फोल्डरला टीएमपीएफएस द्या, म्हणजे ते रॅममध्ये राहील. रीस्टार्टला सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. आणि पीएचपीच्या सेटिंगमध्ये जीसी-प्रोबॅबिलिटी १ करा. हे विसरू नका, टीएमपीएफएसलाही इनोडची हद्द असते आणि झाडू नसेल तर तिथंही हेच होईल, तेही लवकर.

मग कंपोज अप -डी --फोर्स-रीक्रिएट, पुढं फक्त पॅकिंगच्या सर्व्हिसचं नाव. डेटाबेसला हात नको. नव्या कंटेनरमध्ये व्हॉल्यूम आला की अपलोड्सची प्रत परत आत टाका आणि मालकी www-डेटाची, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युझरची करा, नाहीतर उद्या नवं डिझाइन चढवताना परमिशनचं रडगाणं घेऊन याल. कंटेनर बनवताना जुन्या इमेजचा टॅग तोच ठेवा. पुल करू नका.

---

बार्शीकर_लाइटवाला · ९:३८

लाइट गेल्यावरच्या भानगडीत आमचीही एक जमा करून घ्या. आमच्याकडं डॉकरचा सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर आहे, डेटा-रूट बदलून. एफएसटॅबमध्ये (डिस्क जोडायच्या यादीत) नोफेल होतं, म्हणजे ती डिस्क नसली तरी मशीन चालू होतं. लाइट आल्यावर ती डिस्क उशिरा जागी झाली, डॉकर आधीच सुरू झाला आणि रिकाम्या फोल्डरलाच आपलं घर समजला. डॉकर पीएस -ए रिकामं, इमेज शून्य! पोटात गोळा आला होता. डेटा सगळा होता, फक्त डिस्क माउंट नव्हती. सिस्टिमडीच्या ओव्हरराइडमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर आणि तो पाथ दिला, तेव्हापासून डॉकर डिस्कची वाट बघतो.

---

पॅकिंगवाला_एमआयडीसी · १०:४४

लेबल निघालं. पहिलं मालकांनी स्वतः फाडून घेतलं आणि लोगो नखानं खरवडून बघितला, कशासाठी देव जाणे. बाराही गन लॉगिन झाल्या. डीएफ -आय आता ५ टक्क्यांवर. रात्रपाळीला दोघांना थांबवलंय, ३४० होतील.

अण्णा, गनचं तुम्ही म्हणाला तसंच आहे. ब्राउझर नाही तिच्यात, वेंडरचं ॲप आहे, आणि सेटिंगमध्ये रिफ्रेश ५ सेकंद लिहिलंय. तुम्ही ५ धरलं ते अंदाजानंच ना?

---

होटगीरोड_अण्णा · १०:५२

बहुतेक लोक ५ नाहीतर १० ठेवतात. वेंडरला सांगा की विचारणीच्या त्या पानावर सेशन सुरूच करू नको, गन ओळखायला टोकन वापर. आणि डीएफ -आय रोज सकाळी एकदा बघायचं क्रॉन होस्टवर लावा, ८० च्या वर गेलं की मेल. डीएफ -एच सगळेच लावतात.

---

नोड_शिकतोय · ११:१०

सेम एरर आहे, पण डीएफ -एच ३० टक्के आणि डीएफ -आय ४ टक्के! कंटेनर सुरू होतो आणि लगेच मरतो. लॉगमध्ये 'वॉच' असा शब्द आहे आणि मग नो स्पेस. रिॲक्टचा डेव्ह सर्व्हर आहे. डिस्क खराब झाली का?

---

होटगीरोड_अण्णा · ११:१४

डिस्कचा काही संबंध नाही. फायलींवर नजर ठेवायच्या वॉचेसची मर्यादा संपली, तीही २८ नंबरच परत करते. सिसीटीएलमध्ये एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युझर_वॉचेस वाढव, आणि नोड_मॉड्यूल्स वॉचमधून वगळ. कंटेनरच्या आत नाही, होस्टवर. कर्नल एकच आहे.